उतार आणि उणीव

शरीरात एखादे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, तयार होते ते एकदम नव्हे. एका द्रव्यात थोडा फेरफार होऊन दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे टप्पे ओलांडत ते अंतिम रूपाला येते, आणि या वाटेवरच्या ज्या द्रव्यापासून पुढचे संप्रेरक घडते त्याला त्या संप्रेरकाचे पूर्वद्रव्य म्हणतात. वय वाढू लागले की काही संप्रेरकांचे आणि त्यांच्या पूर्वद्रव्यांचे रक्तातील प्रमाण घटते. तेव्हा संप्रेरक थेट देण्याऐवजी त्याचे पूर्वद्रव्य गोळीच्या रूपाने घ्यावे, म्हणजे शरीर त्यातून गरजेपुरतेच घडवून घेईल आणि म्हातारपण सुसह्य होईल, असा एक विचार गेल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेत रुजला आणि तेथून जगभर पसरला. ऐकताना हा विचार शहाणपणाचा वाटतो. त्यातला ‘गरजेपुरतेच’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण बरीचशी फसगत त्या एका शब्दात दडलेली आहे.

या सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी असलेल्या द्रव्याचे नाव आहे डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन. नाव उच्चारायला अवघड असल्यामुळे डॉक्टरांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याला ‘डीएचईए’ म्हणतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ ब्यूटेनांट आणि त्यांचे सहकारी हान्स डानेनबाउम यांनी १९३४ मध्ये ते मानवी मूत्रातून वेगळे केले. त्याआधी तीन वर्षे ब्यूटेनांट यांनी सुमारे १५ हजार लिटर मूत्र आटवून त्यातून अँड्रोस्टेरोन हे पुरुषी गुणधर्माचे द्रव्य अवघे १५ मिलिग्रॅम मिळवले होते. संप्रेरके किती सूक्ष्म प्रमाणात काम करतात हे समजण्यास एवढा एक हिशेब पुरेसा आहे. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून जाहीर झाले, पण नाझी राजवटीच्या दबावामुळे ते त्यांना त्या वेळी नाकारावे लागले.

डीएचईएचा जन्म कोलेस्टेरॉलपासून होतो. रक्ततपासणीच्या कागदावर ज्याच्याकडे भीतीने पाहिले जाते तेच कोलेस्टेरॉल सगळ्या स्टेरॉइड संप्रेरकांचे मूळ आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे २७ अणू असतात. पेशींमधील तंतुकणिकांत त्याची एक बाजू छाटली जाते आणि २१ कार्बनचे प्रेग्नेनोलोन तयार होते. त्यातील आणखी दोन कार्बन गळाले की १९ कार्बनचे डीएचईए उरते. त्यापासून अँड्रोस्टेनडायोन, मग टेस्टोस्टेरोन हे पुरुषी संप्रेरक आणि शेवटी आणखी एक कार्बन कमी होऊन १८ कार्बनचे इस्ट्राडायोल हे स्त्रीसंप्रेरक घडते. पुरुषी आणि स्त्रैण संप्रेरके परस्परविरोधी असतात ही समजूत सर्वत्र आढळते, पण रसायनाच्या पातळीवर एक दुसऱ्याची पुढची पायरी आहे आणि ही पायरी स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात चढली जाते.

प्रत्येक पायरीवर काम करणारे विकर, म्हणजे एंझाइम, वेगळे असते आणि कोणत्या ऊतीत कोणती विकरे आहेत यावर पूर्वद्रव्याचे पुढे काय होणार ते ठरते. गवळी सगळ्यांच्या घरी तेच दूध घालतो. ज्या घरी विरजण आहे तिथे त्याचे दही होते, हलवायाकडे खवा होतो आणि कुठे ते नासून जाते, त्यावर गवळ्याचा काही अधिकार चालत नाही. पोटात गेलेल्या डीएचईएचेही तसेच आहे. त्वचेत, चरबीत, हाडांत, स्तनांच्या आणि प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या ऊतींत त्या त्या ठिकाणच्या विकरांप्रमाणे त्याचे टेस्टोस्टेरोन होईल किंवा इस्ट्रोजेन. कॅनडातील क्वेबेक येथील लाव्हाल विद्यापीठाचे फेर्नां लाब्री यांनी १९८८ मध्ये या स्थानिक घडणीला ‘इंट्राक्रिनॉलॉजी’ असे नाव दिले. पेशी आपल्यापुरते संप्रेरक आपल्याच आत घडवते, वापरते आणि तिथेच मोडून टाकते, असा त्याचा आशय. म्हणजे शरीराची ‘गरज’ कुणी एका जागी बसून मोजत नाही. ज्या ऊतीत विकर आहे ती ऊती पूर्वद्रव्य मिळाले की ते वापरते, मग त्या ऊतीत कर्करोगाच्या पेशी वाढत असल्या तरी.

डीएचईए मुख्यतः अधिवृक्क ग्रंथींत तयार होते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी वजनाला जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या, पण रक्तदाब सांभाळणारे अल्डोस्टेरोन, ताणाच्या प्रसंगी धावून येणारे कॉर्टिसोल आणि डीएचईए अशी तिन्ही कामे त्यांच्या बाह्यकाच्या तीन वेगवेगळ्या थरांत चालतात. डीएचईएला गंधकाचा एक गट जोडून त्याचे सल्फेट केले जाते, आणि हे सल्फेट मानवी रक्तात सर्वाधिक प्रमाणात वाहणारे स्टेरॉइड आहे. ते अधिवृक्कातूनच स्रवते हे फ्रेंच संशोधक एतिएन-एमिल बोलियो यांनी १९६० मध्ये दाखवले. हेच बोलियो पुढे गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन या गोळीमुळे जगप्रसिद्ध झाले. मे २०२५ मध्ये ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या सल्फेटचा आयुष्यभराचा आलेख विलक्षण आहे. गर्भावस्थेत त्याचे प्रमाण खूप असते, जन्मानंतर ते झपाट्याने घसरते, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास पुन्हा वाढू लागते, विशीत शिखर गाठते आणि तिथून पुढे दर वर्षी थोडे थोडे उतरत सत्तर-ऐंशीच्या घरात शिखराच्या १० ते २० टक्क्यांवर येते. कॉर्टिसोल त्याच ग्रंथीतून येते, पण त्याची अशी घसरण होत नाही. एवढा ठळक उतार पाहिल्यावर कोणाच्याही मनात तोच प्रश्न येणार की वार्धक्य आणि ही घसरण यांचा काही कार्यकारणसंबंध असेल काय. प्रश्न रास्त आहे. संशोधकांनीही तो विचारला, आणि त्यांच्या उत्तराआधीच बाजाराने आपले उत्तर देऊन टाकले.

सुरुवातीचे उत्साहवर्धक निष्कर्ष उंदरांवरील प्रयोगांतून आले होते. उंदरांचे वजन घटले, काही प्रयोगांत गाठींची वाढ मंदावली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत डीएचईए वजन कमी करण्याची गोळी म्हणून खुलेआम विकले जाऊ लागले. १९८५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणारी ही विक्री थांबवली. पण उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी डीएचईए जवळजवळ बनवतच नाहीत. ज्या प्राण्याच्या शरीरात एखादे द्रव्य मुळातच नगण्य आहे त्याला ते भरपूर मात्रेत पाजून मिळालेले निष्कर्ष, ते रक्तात सर्वांत जास्त असलेल्या माणसाला कसे लावायचे? ही अडचण वैज्ञानिकांना ठाऊक होती. जाहिरातींत ती कधी आली नाही.

माणसांकडून आलेला पहिला मोठा पुरावा १९८६ चा. कॅलिफोर्नियातील रँचो बर्नार्डो या वसाहतीतील ५० ते ७९ वर्षांच्या २४२ पुरुषांचा एलिझाबेथ बॅरेट-कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ज्यांच्या रक्तात डीएचईए सल्फेट अधिक होते त्यांच्यात मृत्यूचे, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे, प्रमाण कमी आढळले. पुढे हाच अभ्यास अधिक वर्षे आणि अधिक लोकांवर चालू राहिला तेव्हा पुरुषांमधील हा संबंध बराच फिका पडला आणि स्त्रियांमध्ये तो दिसलाच नाही. दुसरे असे की, आजारपणात डीएचईए घटते. त्यामुळे कमी डीएचईए हे आजाराचे कारण की आजाराची खूण, हे अशा निरीक्षणांवरून कधीच ठरत नाही. केस पांढरे झालेल्यांत मृत्यू अधिक होतात म्हणून कलप लावल्याने आयुष्य वाढत नाही.

त्यानंतर १९९४ मध्ये सॅन दिएगो येथील सॅम्युएल येन यांच्या गटाने ४० ते ७० वर्षांच्या १३ पुरुषांना आणि १७ स्त्रियांना रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए काही महिने दिले. ६७ टक्के पुरुषांनी आणि ८४ टक्के स्त्रियांनी आपल्याला शरीराने आणि मनाने बरे वाटू लागल्याचे सांगितले. ‘बरे वाटणे’ या गोष्टीचा संप्रेरकशास्त्राला जुना अनुभव आहे. १८८९ मध्ये शार्ल एदुआर ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनी पिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली शक्ती परतल्याचे पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले होते. त्या पाण्यातल्या अर्कात संप्रेरक म्हणण्याजोगे काही उतरलेच नसावे, असे पुढच्या पिढ्यांनी दाखवले. येन यांचा प्रयोग त्यापेक्षा पुष्कळ काटेकोर होता, त्यात तुलनेसाठी प्लासिबोही, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळीही वापरली होती, तरी ३० माणसे आणि काही महिने एवढ्या पायावर म्हातारपणाचा उपाय उभा राहत नाही.

पण तो उभा राहिला, आणि त्याला कारण विज्ञान नव्हे, कायदा होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेत आहारपूरकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याने जीवनसत्त्वे, वनस्पती आणि तत्सम पदार्थांना औषधांच्या कसोटीतून सोडवले. अशी वस्तू बाजारात आणण्याआधी ती परिणामकारक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर राहिली नाही. या दारातून डीएचईए पुन्हा आत आले आणि किराणा दुकानाच्या फळीवर जीवनसत्त्वांच्या शेजारी जाऊन बसले. शेजारच्या कॅनडात मात्र हेच द्रव्य नियंत्रित औषधांच्या यादीत आहे आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. २००४ मध्ये अमेरिकेने खेळाडूंत बोकाळलेल्या स्नायुवर्धक स्टेरॉइडांवर नवा निर्बंध आणला, तेव्हा डीएचईएच्या पुढचीच पायरी असलेले अँड्रोस्टेनडायोन बंदीखाली गेले आणि डीएचईएला नाव घेऊन वगळण्यात आले. एका कार्बनचाही फरक नसलेल्या या दोन द्रव्यांपैकी एक अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणि दुसरे किराणा दुकानात, ही व्यवस्था रसायनशास्त्राने समजावून सांगता येत नाही.

निर्णायक म्हणावेत असे दोन प्रयोग त्यानंतरचे आहेत. पहिला बोलियो यांचाच. फ्रान्समध्ये ६० ते ७९ वर्षांच्या २८० स्त्री-पुरुषांना वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए किंवा प्लासिबो देण्यात आले आणि २००० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातील प्रमाण तरुणांइतके झाले, हे खरे. सत्तरीपुढील स्त्रियांत त्वचा थोडी सुधारली, तिच्यातील ओलावा आणि स्निग्धपणा वाढला, कामेच्छेत काही वाढ नोंदली गेली, हाडांच्या झिजेच्या काही खुणांत चांगला बदल दिसला. पुरुषांत सांगण्यासारखे फारसे काही हाती लागले नाही. याच लोकांच्या स्नायूंची ताकद पुढे वेगळी तपासली गेली तेव्हा गोळी घेणारे आणि न घेणारे यांत फरक आढळला नाही.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील मेयो क्लिनिकचा. श्रीकुमारन नायर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या अभ्यासात डीएचईएचे प्रमाण कमी असलेल्या ८७ वृद्ध पुरुषांना आणि ५७ वृद्ध स्त्रियांना पूर्ण दोन वर्षे पाहिले गेले. स्त्रियांपैकी काहींना रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए, पुरुषांपैकी काहींना ७५ मिलिग्रॅम डीएचईए, काहींना टेस्टोस्टेरोन आणि बाकीच्यांना प्लासिबो अशी विभागणी होती. मोजण्याच्या गोष्टीही नेमक्या होत्या: अंगातील चरबी आणि मांस, स्नायूंचा जोर, श्रम करताना प्राणवायू वापरण्याची क्षमता, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, आणि एकूण जगण्याचा दर्जा. २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हाडांच्या घनतेत काही ठिकाणी किंचित वाढ एवढेच पदरात पडले. बाकी एकाही कसोटीवर डीएचईएचा उपयोग दिसला नाही. रक्तातील आकडा तरुण झाला, माणूस होता त्याच वयाचा राहिला. त्यानंतर २०१५ मध्ये कोक्रेन या स्वतंत्र परीक्षणसंस्थेने रजोनिवृत्तीच्या आसपासच्या आणि नंतरच्या स्त्रियांवरील २८ प्रयोग एकत्र तपासले आणि जीवनमान सुधारल्याचा पुरावा नाही, मात्र पुरुषी लक्षणांचे दुष्परिणाम आहेत, असा निर्वाळा दिला.

हे दुष्परिणाम सगळ्यांना सारखे होत नाहीत. पुरुषाच्या शरीरात वृषणे स्वतःच भरपूर टेस्टोस्टेरोन बनवत असल्यामुळे ५० मिलिग्रॅम डीएचईएने त्यात पडणारी भर थोडी असते. रजोनिवृत्त स्त्रीच्या शरीरात मात्र तेवढ्याच गोळीने टेस्टोस्टेरोन ठळकपणे वाढते. चेहऱ्यावर मुरुम, हनुवटीवर केस, डोक्यावरचे केस विरळ होणे, क्वचित आवाज घोगरा होणे आणि ‘चांगले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एचडीएल कोलेस्टेरॉलमध्ये घट, हे त्यातून उद्भवते. घोगरा झालेला आवाज गोळी थांबवल्यावर पूर्ववत होईलच असे नाही. स्तनाचा, गर्भाशयाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्यांनी किंवा त्याची शंका असलेल्यांनी या गोळीपासून दूर राहावे, असे वैद्यक सांगते, आणि त्याचे कारण वर दुधाच्या उदाहरणात आलेलेच आहे. दीर्घकाळ घेतल्याने निरोगी माणसात कर्करोगाची शक्यता वाढते का, याचे उत्तर देण्याइतके मोठे आणि लांब प्रयोग झालेले नाहीत. विकणारे याचा अर्थ ‘धोका नाही’ असा सांगतात.

बाटलीत काय आहे हाही एक प्रश्नच. १९९८ मध्ये अमेरिकेतील बाजारातून डीएचईएची १६ उत्पादने आणून तपासली गेली, तेव्हा वेष्टनावर छापलेल्या मात्रेच्या तुलनेत प्रत्यक्ष मात्रा शून्यापासून १५० टक्क्यांपर्यंत कुठेही आढळली. खेळाडूंच्या बाबतीत तर हा प्रकार थेट कारकिर्दीवर बेततो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, डीएचईए स्नायुवर्धक द्रव्यांच्या वर्गात कायमचे निषिद्ध ठरवले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यत जिंकलेला अमेरिकी धावपटू लाशॉन मेरिट पुढे या द्रव्यासाठी दोषी ठरला. दुकानातून घेतलेल्या एका पौरुषवर्धक गोळीत ते होते, वेष्टनावर त्याचे नावही छापलेले होते, आणि ते न वाचल्याची किंमत २१ महिन्यांच्या बंदीच्या रूपाने चुकवावी लागली. महाराष्ट्रातील तालमींत आणि व्यायामशाळांत परदेशी डबे हातोहात फिरतात, तेव्हा हे उदाहरण तिथल्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहे.

मग डीएचईए निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणेही खरे होणार नाही. टॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ मध्ये वर्णिलेल्या, अधिवृक्क ग्रंथीच निकामी होणाऱ्या विकारात डीएचईए जवळजवळ नाहीसे होते. अशा २४ स्त्रियांना ते दिल्यावर त्यांच्या मनःस्थितीत आणि कामजीवनात सुधारणा झाल्याचे जर्मनीतील वीब्के आर्ल्ट यांनी १९९९ मध्ये दाखवले, आणि इतर औषधांना जोड म्हणून काही डॉक्टर ते अशा रुग्णांत अजमावून पाहतात. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्ग कोरडा पडून संबंध वेदनादायक होतात, त्यासाठी योनीत ठेवण्याच्या ६.५ मिलिग्रॅम मात्रेला एफडीएने नोव्हेंबर २०१६ मध्ये रीतसर औषध म्हणून मान्यता दिली. लाब्री यांच्या स्थानिक घडणीच्या कल्पनेला आलेले हे फळ होय. भारतात डीएचईएची गोळी प्रामुख्याने वंध्यत्वाच्या उपचारकेंद्रांत भेटते. ज्या स्त्रियांच्या बीजकोशात बीजे कमी उरली आहेत त्यांना टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारापूर्वी काही आठवडे ती दिली जाते. तिच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण तो निर्णय डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी आणि एका नेमक्या हेतूने घेतलेला असतो.

डीएचईएच्या आधीची पायरी असलेले प्रेग्नेनोलोनही ‘स्मरणशक्तीसाठी’ विकले जाते. १९४० च्या दशकात ग्रेगरी पिंकस आणि हडसन होगलँड यांनी कारखान्यातील कामगारांना आणि वैमानिकांना ते देऊन थकवा कमी होतो का ते पाहिले होते. त्याच दशकाच्या अखेरीस संधिवातावर कॉर्टिसोनचा चमत्कारिक परिणाम दिसला आणि प्रेग्नेनोलोन मागे पडले. निरोगी वृद्धांत त्याच्या उपयोगाचा पुरावा डीएचईएपेक्षाही तुटपुंजा आहे.

‘नैसर्गिक पूर्वद्रव्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कंदांच्या मलमांची आणि गोळ्यांची हकीकत मराठी घराला जवळची आहे. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनज्ञाने मेक्सिकोतील एका रानकंदातील डायोसजेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरोन बनवण्याची रीत शोधली आणि १९४४ मध्ये त्यावर मेक्सिको शहरात एक कंपनीही उभी राहिली. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा उद्योग अशाच कंदांवर वाढला. हे कंद डायोस्कोरिया या वंशातले, म्हणजे उंधियूत पडणारे कोनफळ आणि कोकणात उकडून खाल्ले जाणारे करांदे यांचेच नातेवाईक. डायोसजेनिन मेथीच्या दाण्यांतही असते. परंतु मार्कर यांची किमया प्रयोगशाळेतील भांड्यात, तीव्र रसायनांच्या साह्याने घडत होती. डायोसजेनिनचे डीएचईए किंवा प्रोजेस्टेरोन करणारे विकर माणसाच्या शरीरात नाही. बाळंतिणीने मेथीचे लाडू अवश्य खावेत, त्यांना दुसरी कारणे पुष्कळ आहेत. त्यातून संप्रेरक तयार होईल ही आशा मात्र व्यर्थ आहे.

गंमत अशी की संप्रेरकाचे जे पूर्वद्रव्य महाराष्ट्रात सर्वाधिक घेतले जाते त्याला कोणी पूर्वद्रव्य म्हणत नाही. ते म्हणजे ड जीवनसत्त्व. कोलेस्टेरॉलच्या अगदी लगतच्या एका द्रव्यावर उन्हातील अतिनील किरण पडले की त्वचेत हे तयार होते, यकृतात त्यात एक फेरफार होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचा हुकूम देणारे पूर्ण संप्रेरक सिद्ध होते. दुधात कालवून आठवड्यातून एकदा घ्यायची ६० हजार युनिटांची पुडी बहुतेक घरांनी पाहिलेली असते. येथे पूर्वद्रव्य देण्याला भक्कम आधार आहे, कारण त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखू लागतात. पूर्वद्रव्य दिले की हे विकार बरे होतात. म्हणजे येथे उणीव आहे, तिला रोगाचे नाव आहे आणि उपायाची परीक्षाही झाली आहे.

दोन्हींच्या तपासणीचे कागद शेजारी ठेवून पाहिले तर हा भेद डोळ्यांना दिसतो. ड जीवनसत्त्वाच्या अहवालात २० किंवा ३० नॅनोग्रॅमची रेषा असते आणि ती विशीतल्या मुलीला आणि सत्तरीतल्या आजोबांना एकच असते. डीएचईए सल्फेटच्या अहवालात मात्र वयोगट आणि लिंग यांनुसार वेगवेगळ्या मर्यादांचा तक्ता छापलेला असतो आणि वयाबरोबर तो खाली उतरत जातो. सत्तरीतल्या माणसाचा आकडा त्याच्या वयोगटात बसत असेल तर प्रयोगशाळा त्याला प्राकृत म्हणते. वयानुसार होणारा उतार आणि उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पूर्वद्रव्यांचा सारा व्यापार पहिलीला दुसरीचे नाव देण्यावर चालतो.

उणीव नसताना खुद्द ड जीवनसत्त्वही फारसे काही साधत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा प्लासिबो देऊन केलेल्या ‘व्हायटल’ या प्रयोगात कर्करोग आणि हृदयविकार यांचे प्रमाण कमी झाले नाही, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुढील भागात अस्थिभंगही कमी झाल्याचे दिसले नाही; त्यातील बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. उलट आठवड्याची पुडी गैरसमजाने रोज घेतल्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा अशा अवस्थेत रुग्णालयात आलेल्या वृद्धांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शरीर गरजेपुरतेच घडवून घेते, ही श्रद्धा येथेही कामाला येत नाही.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये केलेल्या पूरक आहाराच्या नियमांत संप्रेरके आणि स्टेरॉइडे मिसळण्यास मनाई आहे. तरी ऑनलाइन दुकाने आहेत, आणि त्याहून जवळची वाट म्हणजे अमेरिकेहून सुटीवर येणाऱ्या मुला-मुलींच्या बॅगा, ज्यांत बदाम आणि चॉकलेटांबरोबर आई-बाबांसाठी दोनशे-तीनशे गोळ्यांच्या बाटल्याही येतात. अशी बाटली हाती आली तर समोरची मोठी अक्षरे सोडून ती मागे फिरवावी. प्रकृतीविषयी काही दावा केलेला असेल तर १९९४ च्या त्याच कायद्यानुसार तिथे बारीक टाइपात छापणे सक्तीचे आहे की, या दाव्याची एफडीएने तपासणी केलेली नाही आणि ही वस्तू कोणत्याही रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी नाही. त्याखालच्या घटकांच्या यादीत ‘डीएचईए’ किंवा ‘प्रेग्नेनोलोन’ ही अक्षरे असतील, तर बाटलीचे बूच उघडण्याआधी ती आपल्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवावी.